देवीची ननंद

त्या घटनेची आठवण निघाली की मला आधी चपला दिसतात. पोलीस ठाण्याच्या पायरीवर चपलांचा मोठा ढीग पडला होता. नोकरीत मी मोर्चे पुष्कळ पाहिले. घोषणा देत आलेले, दगड घेऊन आलेले, पिऊन आलेले. पण पायातलं बाहेर काढून ठाण्यात शिरलेला मोर्चा तो एकच.

कारण त्यांनी देवी बरोबर आणली होती. म्हणजे देवीचा फोटो, चांगला हातभर उंच, हार घातलेला. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी तो माझ्या टेबलावर, वायरलेस सेटच्या शेजारी उभा केला आणि हात जोडले. ते पाहून ठाणे अंमलदारानंही बूट काढले. मी काढले नाहीत. गणवेशात बूट असतात.

वडूजपासून अर्ध्या तासावरचं ते ठाणं. कोरडा मुलूख, मेंढपाळांची जुनी गावं, घराघरात एखादा फौजी. मी तिथं प्रभारी अधिकारी होते. माझं माहेर सांगलीचं, त्यामुळं इकडची भाषा मला परकी नव्हती.

"मॅडम, गुन्हा दाखल करा," अध्यक्ष म्हणाले. "आमच्या आईची टिंगल झालीया. यात्रा पंधरा दिवसांवर आली. आमच्या भावना लय दुखावल्यात."

त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यात त्यांच्याच गावातली एक तरुण मुलगी होती. डोक्यावर पदर, डोळ्यांवर आजीचा चष्मा, सोयरीक जमवणाऱ्या बाईचा आवाज काढून बोलत होती. मागं देवळाचा कळस दिसत होता.

"पोरगी तशी बरी हाय, पर रंगानं काळी. नाक बसकं. डोळं वटारल्यावानी. हात चार हायती, म्हंजे कामाला उजवी म्हणा. पर पोराच्या शेजारी शोभंल का? आवं, ह्या आमच्या आईचा बायोडाटा जरी धाडला, तरी गावातल्या एका घरातनं होकार यायचा न्हाई."

तिथं व्हिडिओ संपला. माझ्या मागं उभा असलेला हवालदार खोकला. तो हसू दाबताना खोकतो, हे मला ठाऊक होतं.

अध्यक्षांकडून लेखी अर्ज घेतला. लगेच गुन्हा नोंदवला नाही. अशा प्रकरणात प्राथमिक चौकशीची मुभा नव्या कायद्यानं दिलेली आहे. उपअधीक्षकांची परवानगी घेतली आणि तसं अध्यक्षांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. मोर्चा परत गेला, फोटो मात्र टेबलावरच ठेवून गेला. "आई इथंच ऱ्हाईल, न्याय मिळंपतूर," असं म्हणाले.

तो फोटो मी कपाटावर ठेवायला लावला. तिथं दुसऱ्या दिवसापासून फूल दिसू लागलं, मग उदबत्ती. कोण लावतं ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसांत आमच्या ठाण्यात कुणी शिवी दिल्याचं मला आठवत नाही.

मोर्चाच्या दिवशीच संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. नाव सांगायला तयार नव्हती.

"मॅडम, त्यो यिडिओ दिवाळीतला हाय. तवा ह्याच समद्यांनी हसून हसून एकमेकाला धाडला व्हता. आता यात्रेच्या तोंडावर ह्यांच्या भावना कुठनं दुखाय लागल्या, तेवढं इचारा."

फोन बंद. निनावी खबर शंभरातल्या नव्वद वेळा कुणाची तरी खुन्नस असते. पण ह्या बाईनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तिनं मला फक्त एक प्रश्न दिला होता, आणि तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी मुलीला वडिलांसह बोलावलं. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. मुलगी बसली. रंगानं चांगली काळी, केस घट्ट बांधलेले, पायात धावायचे बूट. ते बूट पाहून मला काहीतरी आठवलं आणि मी कपाटातून चारित्र्य पडताळणीचे कागद काढले. माझा अंदाज खरा निघाला. पोलीस भरतीच्या निवड यादीत तिचं नाव होतं आणि तिच्या पडताळणीचा अहवाल माझ्याच ठाण्यातून जायचा होता.

म्हणजे पेच असा होता. गुन्हा नोंदवला की तो अहवालात लिहावा लागणार. कोर्टात ती पुढं सुटली असती, पण तोवर भरती निघून गेली असती. वयाच्या अटीमुळं तिची ही शेवटची संधी होती.

"माफी मागून टाक," सुभेदार तिला माझ्यासमोरच म्हणाले. "मी सांगतोय न्हवं. इषय संपव."

"मागते आबा. कशाची मागू तेवढं सांगा."

"देवीला बोललीस त्याची."

"मग तात्यांनी बी मागाय पायजे. दर वर्साची."

तात्या म्हणजे अध्यक्ष. मी हवालदाराकडं पाहिलं. तो पुन्हा खोकला.

"मॅडम, तिचं बराबर हाय," तो म्हणाला. हवालदार शेजारच्या गावचा, त्याला सगळं माहीत होतं. "ह्यांच्या यात्रेत ननंदेचं सोंग असतं."

त्यानं सांगितलं ते असं. देवी म्हणजे त्या गावची सून, लग्न होऊन आलेली. यात्रेला पालखी निघताना देवळाच्या दारात तिची ननंद आडवी होते आणि भावजयीची उणीदुणी काढते. काळी आहेस, नाक बसकं आहे, चार हात घेऊन आलीस, माझ्या भावानं काय बघून केली तुला. लोक पोट धरून हसतात. मग गुरव देवीचा अंगारा ननंदेच्या ओटीत टाकतो, ननंद लोटांगण घालते आणि मग पालखी उचलतात. ननंद बोलली नाही तर पालखी जड होते, अशी समजूत. ननंदेचं सोंग गेली कित्येक वर्षं एकच माणूस घेतो. नऊवारी, नथ, कपाळभर कुंकू आणि मिशी तशीच.

"अध्यक्ष?" मी विचारलं.

"दुसरं कोण."

मुलीनं तिच्या मोबाईलवर मूळ व्हिडिओ दाखवला. अर्जासोबत आलेल्या तुकड्यानंतर त्यात अजून थोडा भाग होता. ती चष्मा काढते, पदर खाली घेते, कळसाकडं तोंड करून हात जोडते आणि स्वतःच्या आवाजात म्हणते, "आई, तुला काळी म्हणून कुणी परत धाडलं न्हाई. मला दोनदा धाडलं. तूच बघ आता." आणि वाकून जमिनीला डोकं टेकवते.

"हे कुणी कापलं?" मी विचारलं.

"मला काय ठाव. मी काय कापलं न्हाई," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या कागदांकडं बघत, "मॅडम, नोकरी जाईल का?"

"चौकशी चालू आहे," मी सांगितलं. पोलिसानं याहून जास्त आश्वासन देऊ नये. खोटं पडलं तर माणूस दुसऱ्यांदा कोसळतो.

खरं सांगायचं तर तिचं ते 'दोनदा धाडलं' मला नवं नव्हतं. मीही सावळ्यातलीच. खाकीत रंग झाकून जातो, असं मला नोकरी लागताना वाटलं होतं. मग एकदा मोठे पाहुणे यायचे होते तेव्हा वरून निरोप आला, गुच्छ द्यायला दोन गोऱ्या महिला कॉन्स्टेबल उभ्या करा. निरोप देणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्याच्या टेबलाच्या काचेखालीही काळ्या पाषाणाच्या देवीचा फोटो होता.

व्हिडिओ कुणी कापला हे शोधायला सायबर शाखा लागली नाही. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो आधी कुणी टाकला, एवढंच बघायचं होतं. हवालदारानं एका गावकऱ्याच्या मोबाईलवर ग्रुप वर वर सरकवत नेला. कापलेला तुकडा पहिल्यांदा आला होता तो अध्यक्षांच्या पुतण्याच्या नंबरवरून. तो कुपवाडला कारखान्यात कामाला होता.

अध्यक्षांना काही न कळवता मी कुपवाडला गेले. तिथल्या ठाण्यात नोंद केली आणि पाळी सुटायच्या वेळी साध्या कपड्यांत कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. मोटारसायकलींची रांग बाहेर पडत होती. त्याला ओळख सांगितल्यावर तो पांढरा पडला. मी म्हटलं, चहा घेऊ.

चौकशीचं माझं एक साधं तंत्र होतं. ज्यासाठी गेले तो प्रश्न मी शेवटपर्यंत विचारत नसे. मशीन कुठलं चालवतोस, जेवणाचं काय करतोस, खोलीत किती जण राहता, एवढंच विचारलं. माणसाला माहीत असतं आपण कशासाठी बसलोय. तो प्रश्न येत नाही म्हटल्यावर तोच कासावीस होतो.

दुसऱ्या चहाला तो म्हणाला, "मॅडम, मी त्यात खोटं काय बी घातलं न्हाई. नुसतं मागचं कापलं."

"का?"

त्यानं पेला फिरवत फिरवत सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ही मुलगी त्याला सांगून आली होती. मुलगी बघितली, पोहे खाल्ले आणि आईनं घरी आल्यावर रंगावरून नाही म्हणून कळवलं. त्यालाही ते पटलं होतं. पुढं ती भरतीत निवडली गेली. मग आईलाच वाटलं, सरकारी नोकरीवाली आहे, रंगाचं काय एवढं. पुन्हा निरोप धाडला. आणि ह्यानं स्वतः फोन केला.

"न्हाई म्हणली?"

"न्हाई म्हणली त्याचं काय न्हाई. हसली मॅडम. म्हणली, आता रंग उजळला व्हय माझा? आन हसली."

नकार पचवणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. हसून दिलेला नकार पचवणारा क्वचितच. निम्म्या प्रकरणांचं मूळ तिथं असतं, कलम कुठलंही लागो.

"तिची नोकरी जाणार आहे, माहीत आहे ना?" मी विचारलं.

त्याला ते खरंच माहीत नव्हतं. "नोकरी? नोकरीचा काय संबंध? मला वाटलं चार माणसांत माफी मागंल. तेवढंच." मग पेला खाली ठेवला. "तात्यांना सांगणार का तुमी?"

"तू सांगतोस की मी सांगू, एवढंच ठरवायचं आहे. आधी जबाब दे."

तिथल्याच ठाण्यात त्यानं जबाब दिला आणि सहीही केली. ठाण्यातून निघताना त्यानं विचारलं, "ती काय म्हणली माज्याबद्दल?" मी सांगितलं, तिनं तुझं नावही काढलं नाही. ते त्याला जबाबापेक्षा जड गेलं असावं.

दोन दिवसांनी अध्यक्ष आणि कमिटीला ठाण्यात बोलावलं. सुभेदार आणि मुलगीही होती. अध्यक्षांबरोबर त्यांच्या पत्नी आल्या होत्या, डबा घेऊन, कारण अध्यक्षांचा यात्रेचा उपास चालू झाला होता. त्या दाराशी बाकड्यावर बसल्या.

देवीचा फोटो मी पुन्हा टेबलावर आणून ठेवला.

"अध्यक्ष, मी ह्या भागात नवी," मी म्हटलं. "ननंदेचं सोंग म्हणे तुमच्यासारखं पंचक्रोशीत कुणी घेत नाही. काय बोलते हो ननंद?"

कलावंताला असा प्रश्न विचारला की तो स्वतःला आवरू शकत नाही. अध्यक्षांनी टोपी मागं सारली, उपरण्याचा पदर केला आणि कमरेवर हात ठेवून तिथंच सुरू झाले.

"आगं काळुंद्रे, तव्याचं बूड बरं तुझ्यापरास. नाक हाय का भाकरीवरचा फोड गं? आन हे चार हात कशाला आणलंस, चार घरचं खायाला? माझा भाऊ आंधळा व्हता म्हणून खपलीस. न्हाईतर तुला कुणी दारात उभी केली नसती."

कमिटी हसली. ठाणे अंमलदार हसला. बाहेरचे दोन कॉन्स्टेबल दारात येऊन हसले. सुभेदारसुद्धा मिशीत हसले. अध्यक्ष खूश झाले आणि मग त्यांचं लक्ष टेबलावरच्या स्वतःच्या अर्जाकडं गेलं. हसणं एकेकाचं बंद झालं.

"ती येगळी गोष्ट हाय मॅडम," ते सावकाश म्हणाले. "मी नऊ दिस उपास करतो. आईच्या म्होरं बोलतो. आन शेवटाला लोटांगण घालतो. टिंगल न्हवं ती, सेवा हाय."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला ते मान्यही होतं. म्हणूनच मी मुलीचा मूळ व्हिडिओ लावला आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. तिनं जमिनीला डोकं टेकवलं तेव्हा अध्यक्षांचा हात आपोआप कपाळाशी गेला.

"तुमच्या सोंगाचं लोटांगण कापून कुणी उरलेलं गावोगाव पाठवलं," मी म्हटलं, "तर ह्याच कलमाखाली आरोपी तुम्ही व्हाल."

"दिवाळीत मी शेवटापतूर बघितलाच न्हवता. कुणी कापलं हे?"

"तपासात आलंय. सगळ्यांसमोर सांगायला लावू नका."

त्यांनी पत्नीकडं पाहिलं. ती डब्याच्या झाकणाकडं बघत होती. हे घरातल्याच कुणाचं काम, ते त्यांना कळलं. पुतण्याचा फोन त्याआधी आला होता की नाही, ते मला माहीत नाही.

कमिटीतले एक वयस्कर गृहस्थ मात्र अडून बसले. "ते कायबी असंल. पर बाईमाणसानं, ते बी कवळ्या पोरीनं, आईला असं बोलावं का? सोंग बाप्यांनी घ्यायचं असतं."

तेव्हा बाकड्यावरून आवाज आला.

"आवं दाजी, देवी गावची कोण?"

"सून."

"मंग तिची ननंद कोण? गावची लेक. मी इथली सून, मला त्यो हक्क न्हाई, म्हणून मी कवा बोलले न्हाई. ही पोर गावची लेक हाय, जल्मल्यापसनं. आई तिची भावजय लागती. तिनं न्हाई बोलायचं तर काय ह्या मिशीवाल्यानं बोलायचं? ह्यो दीर हाय तिचा. दिरानं भावजयीचं नाक काढायचं अस्तं व्हय?"

तो फोनवरचा आवाज होता. मी ओळखला आणि चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही.

अध्यक्ष आपल्या पत्नीकडं असे बघत होते, जणू ती पहिल्यांदाच बोलली होती. "हे मला कवा बोलली न्हाईस तू," ते म्हणाले.

"तुमी कवा इचारलं?"

सुभेदार इतका वेळ उभे होते, ते आता खुर्चीवर बसले.

अध्यक्षांनी अर्ज मागं घेत असल्याचं लिहून दिलं. मी ते प्रकरण दप्तरी दाखल करण्याचा अहवाल तयार केला. उठताना त्यांनी फोटोला हात घातला तेव्हा मी एक गोष्ट विचारून घेतली. बंदोबस्ताच्या पाहणीसाठी मी त्यांच्या देवळात जाऊन आले होते.

"अध्यक्ष, देवळातली देवी काळ्या पाषाणाची आहे ना?"

"व्हय. लखलखीत."

"मग ही गोरी कोण?"

त्यांनी फोटो हातात धरून नीट पाहिला. दुधासारखा चेहरा, गुलाबी गाल, सरळ नाक. "यात्रेच्या फ्लेक्सावर बी हाच हाय. फ्लेक्सवाल्यानं दिला," ते म्हणाले. "बरा दिसला म्हणून घेतला." मग फोटो काखेत धरून, डोकं खाजवत गेले. देवीचा रंग बदलला म्हणून आजवर कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या, हे बहुधा वाटेत त्यांच्या लक्षात आलं असावं.

त्याच दिवशी मी मुलीच्या पडताळणी अहवालावर सही केली. गुन्हा दाखल नाही, वर्तणूक चांगली.

यात्रेच्या बंदोबस्ताला मी स्वतः गेले. अध्यक्ष नऊवारीत नव्हते. उपास मात्र त्यांनी पूर्ण केला होता. पालखीची वेळ झाली तेव्हा ते बायकांच्या गर्दीकडं गेले आणि म्हणाले, "सुभेदाराची लेक कुठं हाय? ये गं, दार अडव." ती आढेवेढे घेत होती. मागून बायकांनीच तिला पुढं ढकललं.

तिनं दार अडवलं. काळी, नाक, चार हात, सगळं जुनंच म्हणाली, पण तिच्या तोंडून ते वेगळं ऐकू येत होतं. मग तिनं आपलं एक वाक्य जोडलं.

"आन वयनी, त्या फ्लेक्सावर कोण गोरी बसलीया गं तुझ्या जागंला? माझ्या भावानं दुसरी केली का काय?"

सगळ्यात आधी बायका हसल्या, मग पुरुष. अध्यक्ष सगळ्यात शेवटी हसले, पण हसले. गुरवानं अंगारा दिला, तिनं लोटांगण घातलं, पालखी उचलली. हलकी होती म्हणे. मी भोयांना विचारलं नाही, पण ते एकमेकांना तसं सांगत होते. पुढच्या वर्षी फ्लेक्सवर देवळातल्या मूर्तीचाच फोटो होता, असं हवालदारानं मला नंतर कळवलं. पुतण्या आला होता, लांब उभा होता. पुढं त्याचं लग्न झालं. बायको कशी आहे ते मी विचारलं नाही.

ह्या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. भावना दुखावल्याची तक्रार घेऊन कुणी आलं की मी ती मन लावून ऐकत असे, कारण श्रद्धा ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पण ऐकून झाल्यावर एक प्रश्न हमखास विचारायची. हाच विनोद याआधी कुणी केला, तेव्हा तुम्ही कुठं बसला होता? उत्तर पहिल्या रांगेत असं आलं, तर तपास विनोदाचा करायचा नसतो, विनोद करणाऱ्यावरच्या रागाचा करायचा असतो. आणि एक दिसलं. रीत मोडायला बाहेरून कुणी लागत नाही, आणि वाचवायलाही नाही. आत बाकड्यावर डबा घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. त्याला बोलायला जागा मिळाली की पुष्कळ गाठी तिथल्या तिथं सुटतात.

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. गेल्या वर्षी साताऱ्यात ती मुलगी गणवेशात भेटली. कडक सलाम ठोकला. मी विचारलं, मोठे पाहुणे आले की स्वागताला कुणाला उभं करतात आता?

"परवा मला केलं व्हतं मॅडम."

"गुच्छ द्यायला?"

"न्हाई. फाटकावर. चुकीच्या बाजूनं आत येणाऱ्या गाड्या अडवायला."

"अडवल्यास?"

"समद्या," ती म्हणाली. "दार अडवायची सवय हाय मला."